बर्फाच्या पोटाखालचं रान

आमच्या परभणीकडच्या देवगाव फाट्याच्या भागात शेताला रान म्हणतात. रान म्हटलं की काळी माती, वाफसा, पेरणी आणि त्या पेरणीवर उभं असलेलं सगळं घर. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आणि ध्रुव तर पृथ्वीच्या टोकाला. तरीही ध्रुवीय समुद्रावर गोठणाऱ्या बर्फाबद्दल गेल्या चार दशकांत जे कळत गेलं, ते सांगायला मला रान हाच शब्द योग्य वाटतो. तो बर्फ म्हणजे रानच आहे. फक्त त्याचं पीक वर येत नाही, खालच्या अंगाला येतं.

हे पीक म्हणजे बर्फशेवाळ. डोळ्यांना एकेकटी न दिसणारी ही शैवालं बहुतेक डायटम जातीची, काचेसारखं सिलिकाचं कवच असलेली. १८३९ ते १८४३ या काळात जेम्स क्लार्क रॉस यांची जहाजं दक्षिण समुद्रात फिरली, तेव्हा सोबतचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी तपकिरी डागाळलेला बर्फ पाहिला. तो मळ नव्हता, जीव होते. जमिनीवर झाडं आणि गवत जे काम करतात, तेच त्या समुद्रात हे सूक्ष्म जीव करतात, हे हुकर यांनी तेव्हाच ओळखलं.

बर्फात शेवाळ जगतं कसं? समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फात मुरत नाही. ते खारट पाण्याच्या रूपात बर्फातल्या बारीक नळ्यांमध्ये साठून राहतं. या नळ्यांत आणि बर्फाच्या तळाशी शेवाळ धरतं. वरून येणाऱ्या उजेडाचा जेमतेम शंभरावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, तिथवर पोचतो. कडाक्याची थंडी आणि समुद्राच्या कितीतरी पट खारटपणा सोसत, तेवढ्या उजेडावर ते वाढतं. वसंतात सूर्य परतला की मोकळ्या पाण्यातलं शेवाळ वाढायच्या आधी हे पीक हाताशी येतं. थंडीभर उपाशी राहिलेल्या जीवांना मिळणारा हा पहिला घास.

भारत दक्षिणेच्या बर्फाळ समुद्राकडे निघाला तो गोव्याहून. ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे जहाज २१ जणांना घेऊन निघालं आणि ९ जानेवारी १९८२ला मोहीम अंटार्क्टिकावर उतरली. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. ते स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होते आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले होते. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या महिला. लंडनमधली त्यांची पीएचडी समुद्री शैवालांच्या शरीरक्रियेवरच होती आणि अंटार्क्टिकाच्या पाण्यातली अन्नसाखळी हा त्यांच्या कामाचा विषय होता. आपल्याकडे पहिली महिला एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. ज्या जीवांवर तिथला सारा समुद्र जगतो त्यांची जाण असलेली मराठी शास्त्रज्ञ तिथं गेली होती, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

त्या अन्नसाखळीच्या मधोमध क्रिल आहे, बोटाएवढा कोळंबीसारखा जीव. त्याचं एकूण वजन सुमारे ३८ कोटी टन असावं, असा एक अंदाज आहे. देवमासे, सील आणि पेंग्विन त्यावर जगतात. मोठा क्रिल हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपास काढू शकतो. त्याच्या पिल्लांना ते जमत नाही, अंगात तेवढी चरबी नसते. ती बर्फाच्या तळाशी चिकटून शेवाळ खरवडून खातात. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी, त्यानंतरच्या उन्हाळ्यात क्रिल कमी, असा संबंध दक्षिण अटलांटिकच्या नोंदींतून २००४ साली मांडला गेला.

उत्तरेकडे भारत उशिरा गेला. २००७ साली पहिली आर्क्टिक मोहीम झाली आणि १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड इथं ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झालं. २०१४ साली शेजारच्या काँग्सफियॉर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा सोडण्यात आली. गोव्यातल्या वास्को इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे काम पाहतं. पण आपण तिथं पोचलो तेव्हा त्या खाडीचा हिवाळी बर्फ हटू लागला होता. २००६च्या हिवाळ्यापासून अटलांटिकचं कोमट पाणी आत येऊ लागलं आणि पूर्वीसारखा गोठलेला पसारा तिथं क्वचितच दिसला.

बर्फ गेल्यानं काय बिघडू शकतं, याचा अंदाज स्वालबार्डच्याच उत्तरेकडच्या रिपफियॉर्डमधल्या २००७ सालच्या अभ्यासातून आला. तिथला कॅलॅनस हा तांदळाच्या दाण्याएवढा जीव दोन पिकांवर संसार करतो. माद्या बर्फातलं शेवाळ खाऊन अंडी घालतात. सुमारे दोन महिन्यांनी पाण्यातलं शेवाळ वाढतं, तोवर पिल्लं ते खाण्याएवढी झालेली असतात. बर्फ लवकर वितळला तर दुसरं पीक आधीच येऊन सरतं आणि पिल्लांच्या तोंडी लागत नाही. पेरणीचा वाफसा हुकला की काय होतं, हे परभणीच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कॅलॅनसच्या चरबीवर मासे जगतात, माशांवर सील आणि सीलवर पांढरं अस्वल.

२०१२ साली आर्क्टिकचा उन्हाळी बर्फ उपग्रहनोंदींतल्या नीचांकाला गेला. त्याच मोसमात ‘पोलारश्टर्न’ या जर्मन जहाजावरच्या शास्त्रज्ञांना चार हजार मीटर खोल तळावर बर्फशेवाळाचे पुंजके पडलेले दिसले आणि समुद्रकाकड्या ते खाताना आढळल्या. आधार सुटला आणि पीक तळाला गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये दक्षिणेची पाळी आली. अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी बर्फ साधारण १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरांपर्यंत पसरतो, म्हणजे भारताच्या साडेपाच पट. त्या वर्षी तो १ कोटी ६९ लाख ६० हजारांवरच थांबला. आधीच्या नीचांकाहूनही तो सुमारे दहा लाखांनी कमी होता. महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं रान त्या हिवाळ्यात उभंच राहिलं नाही.

शाळेत आपण मुलांना सांगतो, ध्रुवावरचा बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते. जमिनीवरच्या बर्फाबाबत ते खरं आहे. समुद्रावरचा बर्फ आधीच तरंगत असतो, त्याच्या वितळण्यानं पातळी जवळजवळ वाढत नाही. म्हणून त्याचं जाणं बिनमहत्त्वाचं समजू नये. सेलू-जिंतूरच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, हा धडा शिकवताना फळ्यावर पाण्याची रेघ काढा, तशी त्या बर्फाखाली शेवाळाचीही एक तपकिरी रेघ ओढा. रान गेलं तर घराचं काय होतं, हे आपल्या मुलांना लगेच कळेल.