वस्तीतला धूर आणि आपला श्वास

थंडीच्या दिवसांत पहाटे वस्तीत शेकोट्या पेटतात. हाताला लागेल ते त्यात पडते: पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या, फाटकी चप्पल, टायरचा तुकडा. लहान मुले आणि म्हातारी माणसे भोवती बसतात. ऊब मिळते, पण तोच धूर छातीत जातो. मग घरोघरी खोकला सुरू होतो आणि आपण म्हणतो, "हवा बदलली."

हवा खरोखरच बदलली आहे. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या निकषांत न बसणाऱ्या शहरांच्या त्या यादीत नाशिकही आहे. गाड्यांचा धूर, रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ, सातपूर-अंबडचे कारखाने, एकलहऱ्याचे कोळशावरचे वीज केंद्र आणि जाळला जाणारा कचरा, असे सगळे मिळून ही हवा बनते. वाऱ्याला महापालिकेची हद्द कळत नाही. हद्दीबाहेरचा धूर आत येतो, आतला बाहेर जातो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो.

आकडा कसा वाचावा?

गंगापूर रोडसारख्या ठिकाणी हवा मोजणारी यंत्रे आहेत. त्यांचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर मोफत दिसतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक. १०१ ते २०० मध्ये दमा आणि हृदयविकार असलेल्यांना, लहान मुलांना आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो. २०० च्या वर हवा वाईट.

सर्वांत घातक असतात ते 'पीएम २.५' हे बारीक कण. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची फक्त १५.

पण यंत्र जिथे बसवले आहे तिथलीच हवा मोजते. आपल्या गल्लीतली शेकोटी त्याला दिसत नाही. म्हणून शहराचा आकडा बरा असला तरी वस्तीची हवा बरी असेलच असे नाही.

घरात काय करावे?

- शेकोटीत प्लास्टिक, रबर, रंगवलेले लाकूड टाकू नका.
- डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असे २००३ सालच्या एका संशोधनात आढळले आहे.
- वंदनेला एकच अगरबत्ती पुरे. खिडकी उघडी ठेवा.
- चूल असेल तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला धुरापासून लांब ठेवा.
- दम्याच्या पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बंद करू नका.
- धुळीत काम करणाऱ्यांनी एन-९५ मास्क वापरावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत.

मागणी कोणाकडे?

झाडलोट करणारे, बांधकामावर राबणारे, रस्त्याकडेला धंदा करणारे यांत आपली माणसे बरीच आहेत. धूर आणि धूळ आधी त्यांच्याच छातीत जाते. म्हणून हा प्रश्न फक्त घरातल्या काळजीने सुटणार नाही. कचऱ्याची गाडी रोज आली तर कचरा जाळावा लागत नाही. घंटागाडी येत नसेल किंवा कोणी उघड्यावर कचरा जाळत असेल, तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कारखान्याच्या धुराची तक्रार सातपूरच्या उद्योग भवनातील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात करा.

हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावून दाखवला. हवाही तशीच सर्वांची आहे.

आम्ही एक सुचवतो. प्रत्येक विहाराच्या फलकावर वस्तीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने रोज सकाळी हवेचा आकडा लिहावा. आकडा २०० च्या वर गेला, तर त्या दिवशी शेकोटी नाही, आणि दम्याच्या माणसाने घरातच थांबावे. सुरुवात एवढ्यानेही होते.

जय भीम!