तीन हजार विहिरी आणि एक ग्रॅम साखर

सकाळी आठ वाजता हातावर एक रुपया ठेवा. दर वीस मिनिटांनी तो दुप्पट होतो असं धरा. दुपारी चारला किती झाले? १ कोटी ६७ लाख! आणि रात्री आठला? ६,८७१ कोटी रुपये! प्रयोगशाळेत पोटभर खाऊ मिळाला की ई. कोलाय हा जंतू याच वेगाने वाढतो. नवजात बाळाच्या रक्तात तो शिरला, तर तिथे त्याला इतकं मोकळं रान नसतं. पण नुकत्याच जन्मलेल्या जिवाची प्रतिकारशक्ती ती केवढीशी! म्हणूनच इथे दिवस नाही, तास मोजायचे.

मग रक्तात जंतूच शोधू या? चला! एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी. जंतू मात्र कधी कधी दहासुद्धा नसतात! एकेका पेशीला प्रवासी समजा, एकेका लोकलमध्ये पाच हजार कोंबा. दहा लाख लोकल लागल्या! मुंबईत रोज तीन हजारांवर फेऱ्या होतात. म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांच्या सगळ्या फेऱ्या, सगळ्या खच्चून भरलेल्या, आणि त्यांतून पकडायचे दहा विनातिकीट प्रवासी! ब्लड कल्चर हे काम करतं, जंतू वाढवून दाखवतं. पण त्याला एक-दोन दिवस लागतात.

तेवढा वेळ बाळाकडे नसतो. सुदैवाने जंतूची चाहूल लागताच बाळाचं शरीर रक्तात निरोप सोडतं. तो किती बारीक, ते बघा.

पहिला निरोप सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. यकृत तो बनवतं, आठ-बारा तासांनी तो चढतो. लिटरला १० मिलिग्रॅम ही नेहमीची धोक्याची रेघ. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत दोन चमचे साखर!

दुसरा प्रोकॅल्सिटोनिन, तीन-चार तासांतच हजर. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो निरोगी बाळातही चढतो. पुढे मिलिलिटरला अर्धा नॅनोग्रॅम ओलांडला की डॉक्टर सावध. आता टाकी विसरा, विहिरीवर चला. वीस फूट रुंद, चाळीस फूट पाणी, साडेतीन लाख लिटर. अशा तीन विहिरी, आणि त्या तिन्हींत मिळून एक चिमूट मीठ!

तिसरा इंटरल्युकिन-६. तो या दोघांच्याही आधी धावतो, आणि त्याची मोजणी पिकोग्रॅममध्ये! मुंबईहून पुण्याला निघा. दीडशे किलोमीटर. दर पन्नास मीटरवर तसलीच एक विहीर, काठोकाठ भरलेली. तीन हजार विहिरी! शंभर कोटी लिटरांहून जास्त पाणी! या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम साखर विरघळवा. मिलिलिटरला एक पिकोग्रॅम म्हणजे एवढंच!

क्रम लक्षात आला? जो सर्वांत बारीक, तोच सर्वांत आधी बोलतो!

एकट्या आकड्यावर कुणी निकाल देत नाही. डॉक्टर बाळाला बघतात, तपासणी पुन्हा करतात, आणि आकडे शांत राहिले तर अँटिबायोटिक लवकर थांबवूही शकतात. दीड किलोच्या बाळाच्या अंगात रक्त तरी किती? जेमतेम सव्वाशे मिलिलिटर, एक कप चहाएवढं. त्यातले थोडेसे थेंब घ्यायचे आणि तीन हजार विहिरींतली गोडी ओळखायची. ज्याला अजून धड रडताही येत नाही, त्याची हाक आपण ऐकू शकतो!