सायटेशनचा आकडा वाचायचा कसा? ओबेद सिद्दीकींच्या कामाच्या निमित्ताने

मंडळी, आजचा विषय थोडा हिशेबाचा आहे. आपल्या द्रोणागिरी-उरण-पनवेल भागातली बरीच मुलं आता बायोटेक, रेणवीय जीवशास्त्र शिकतात. कर्करोगावर संशोधन करणारी अ‍ॅक्ट्रेकसारखी संस्था खारघरला, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. या मुलांना उद्या फेलोशिप किंवा नोकरीच्या वेळी प्रश्न येणार, ‘सायटेशन किती? एच-इंडेक्स किती?’ त्या उत्तरावर एखाद्याची वाट अडू शकते. म्हणून हा आकडा तयार कसा होतो आणि तो काय सांगत नाही, ते आज पाहू.

सायटेशन म्हणजे एका शोधनिबंधाने दुसऱ्याचा संदर्भ देणं. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला, तेव्हापासून ही मोजणी पद्धतशीर झाली. पुढे 2005 मध्ये हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. तो काढायला सोपा आहे. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा एकाचे आकडे 40, 22, 11, 6, 5, 3, 1 असे आहेत. पाचव्या निबंधाला 5 सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र 3 च. म्हणून एच-इंडेक्स 5. आता दुसऱ्याचे आकडे घ्या: 300, 4, 2, 1. याचा एच-इंडेक्स फक्त 2! तीनशे वेळा उपयोगी पडलेलं काम त्या दोनात कुठे दिसतं? दिसत नाही.

बरं, मुळात मोजणी कोणाची करतोय? आपल्या पट्ट्यात पाटील, म्हात्रे, घरत, ठाकूर किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. ‘एस. पाटील’ या नावाने शोधलं तर अनेक माणसांचे निबंध एका खात्यात जमा होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं काम दोन खात्यांत विभागलं जातं. त्यावर उपाय म्हणून 2012 पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळतो. शिवाय स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गुगल स्कॉलर यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाच्या यादीतल्या पत्रिका वेगळ्या आहेत. त्यामुळे आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता सहकार्याकडे वळू. साधं माप असं की एकूण निबंधांपैकी किती निबंध एकाहून अधिक लेखकांचे आहेत. वीसपैकी अठरा असतील तर 0.9. रेणवीय जीवशास्त्रात हे प्रमाण मोठंच असतं, कारण प्रयोग एकट्याने होत नाहीत. या शास्त्रात लेखकांच्या क्रमालाही अर्थ आहे. पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्या दहा नावांना प्रत्येकी एक पूर्ण गुण द्यायचा की एक गुण सर्वांत वाटायचा, यावरही निकाल बदलतो.

हे सगळं एका माणसावर लावून पाहू. समोरच्या पाण्यापलीकडे, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी 1962 मध्ये तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांची तीन कामं घ्या. 1962 मध्ये अ‍ॅलन गॅरन यांच्याबरोबर जिवाणूंमधल्या उत्परिवर्तनांवरचा निबंध अमेरिकेतल्या पत्रिकेत आला. 1976 मध्ये सीमोर बेंझर यांच्याबरोबर, उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवरचा निबंध आला. आणि 1978 मध्ये विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर, माशीला चव आणि वास कळण्यामागच्या जनुकांवरचं काम भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापलं गेलं.

सहकार्याच्या तक्त्यात या तिन्ही निबंधांची नोंद सारखीच होते: दोन लेखक, एक निबंध. पण नाती पाहा. पहिल्या दोन परदेशी सहकाऱ्यांशी जोडलेल्या कामाच्या, तर तिसरं गुरू-शिष्येचं. त्या शिष्येने पुढे स्वतःची प्रयोगशाळा चालवली आणि माशीच्या घ्राणेंद्रियाचा अभ्यास पुढे नेला. भारतीय पत्रिकेतला निबंध जगाच्या याद्यांत सहज नजरेआड होऊ शकतो. सिद्दीकींनी बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं. त्याचं सायटेशन कुठे मोजणार? संस्था उभारणीचा रकाना या तक्त्यांत नसतोच.

म्हणून आकडे फेकून द्यायचे का? नाही. कोणाचं काम कुठवर पोचलं, कोणत्या देशांतल्या, कोणत्या शाखेतल्या लोकांनी वापरलं, हे आकडेच आपल्याला दाखवतात. समितीतल्या ओळखीपाळखीपेक्षा ते बरे, असंही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण आपल्या डोंगराच्या नावातच एक गोष्ट दडलेली आहे: संजीवनी ओळखता येईना म्हणून मारुतीराया अख्खा द्रोणागिरी उचलून घेऊन गेला. त्याची घाई समजण्यासारखी होती, लक्ष्मणाचा जीव टांगणीला होता. निवड समितीला मात्र निबंध उघडून वाचायला वेळ असतो. 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात हेच मांडलं आहे: पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, काम पाहा.

तेव्हा संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांना आम्ही तीनच गोष्टी सांगू. ऑर्किड पहिल्या निबंधापासून काढा. आकडा देताना स्रोत आणि तारीख द्या. आणि आपल्या सर्वांत महत्त्वाच्या तीन निबंधांत स्वतः नेमकं काय केलं, ते प्रत्येकी दोन ओळींत लिहून ठेवा. मुलाखतीत कोणी ‘एच-इंडेक्स किती?’ विचारलं, तर आकडा सांगा आणि लगेच त्या ओळीही पुढे ठेवा.