मुद्दा की गुद्दा : प्रसिद्ध व्यक्तींवरील वैज्ञानिक टीकेची भाषा

विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणारे लेखक, डॉक्टर आणि संशोधक एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीवर जाहीर टीका करतात, तेव्हा त्या टीकेला तीन अंगे असतात : कोणत्या दाव्यावर बोट ठेवले, त्यासाठी पुरावा कोणता दिला आणि हे सारे कोणत्या शब्दांत मांडले. पहिल्या दोन अंगांची तयारी अभ्यासाने होते. तिसरे अंग मात्र अनेकदा रागाच्या भरात ठरते आणि तिथेच पक्का मुद्दाही निसटतो. अमेरिकेतील डॉ. मेहमत ऑझ यांच्या प्रकरणात हे स्पष्ट दिसते, कारण २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत एकाच माणसावर तीन निरनिराळ्या सुरांत टीका झाली आणि तिचे परिणामही निरनिराळे झाले.

ऑझ हे हृदयशल्यविशारद आणि त्या काळी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक. त्यांच्या नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम २००९ ते २०२२ अशी तेरा वर्षे चालला. आहार, झोप, व्यायाम यांविषयीच्या उपयुक्त माहितीबरोबरच वजन घटवणाऱ्या गोळ्या आणि अर्क यांचेही त्यात भरभरून कौतुक होत असे. २०१२ मध्ये त्यांनी न भाजलेल्या, म्हणजे हिरव्या कॉफीबियांच्या अर्काची अशीच वाखाणणी केली. त्यामागचा एक मुख्य आधार भारतात केवळ १६ जणांवर झालेला प्रयोग होता. त्यातील वजनाच्या नोंदी वारंवार बदलल्या गेल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पुढे केला. प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि त्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घेण्यात आला.

टीकेचा पहिला सूर अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत उमटला. १७ जून २०१४ रोजी ग्राहक संरक्षणविषयक उपसमितीच्या अध्यक्षा क्लेअर मॅकॅस्किल यांनी ऑझ यांना त्यांचीच कार्यक्रमातील वाक्ये वाचून दाखवली. त्यांची हुशारी, त्यांचे वैद्यकीय शिक्षण आणि लोकांवरील त्यांचा प्रभाव त्यांनी मान्य केला. मात्र एवढे सामर्थ्य हाती असताना असे दावे करण्याची गरज काय, असे रोखठोक विचारले. प्रश्न बोचरा होता, पण रोख दाव्यावर होता. त्यामुळे उत्तरही दाव्याविषयीच द्यावे लागले. आपली भाषा अलंकारिक होती आणि त्या पदार्थांमागचे पुरावे शास्त्रीय सत्य म्हणून मांडण्याइतके भक्कम नाहीत, हे ऑझ यांना तिथे कबूल करावे लागले.

दुसरा सूर संशोधकांचा होता. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०१४ मध्ये कॅनडातील डॉक्टरांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ऑझ यांच्या कार्यक्रमाचे ४० भाग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडले आणि त्यांतील ८० ठळक सल्ले वैद्यकीय साहित्याशी ताडून पाहिले. ४६ टक्के सल्ल्यांना पुरावा होता, १५ टक्के सल्ले उपलब्ध पुराव्याच्या विरोधात जात होते आणि ३९ टक्क्यांसाठी पुरावाच सापडला नाही. ‘द डॉक्टर्स’ या दुसऱ्या कार्यक्रमालाही हीच कसोटी लावण्यात आली. निम्म्याच्या जवळपास सल्ले बरोबर होते, हेही अभ्यासाने सांगितले आणि त्यामुळे उरलेल्या आकड्यांचे वजन वाढले. एका व्यक्तीला वेगळे काढून झोडपल्याचा आरोप या अभ्यासाला चिकटण्याजोगा नव्हता.

तिसरा सूर एप्रिल २०१५ मध्ये उमटला. दहा डॉक्टरांनी कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय अधिष्ठात्यांना पत्र लिहून ऑझ यांच्या सचोटीवर प्रश्नचिन्ह लावले आणि त्यांना अध्यापकवर्गातून दूर करण्याची मागणी केली. विद्यापीठाने आपल्या प्राध्यापकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हवाला दिला. ऑझ यांनी आपल्या कार्यक्रमातून प्रत्युत्तर दिले : आपला आवाज दाबला जात आहे आणि पत्रलेखकांपैकी काहींचे उद्योगजगताशी संबंध आहेत. हिरव्या कॉफीचा प्रश्न मागे पडला. चर्चा ‘कोणाला बोलू द्यायचे’ आणि ‘कोणाचे हितसंबंध कुठे’ यावर गेली. ज्याच्याकडे रोजचा कार्यक्रम आहे, त्याला असा बदललेला विषय सर्वांत सोयीचा ठरतो. याच सुमारास कोलंबियातील काही वैद्यक प्राध्यापकांनी वृत्तपत्रात लेख लिहून ऑझ यांच्या निराधार सल्ल्यांशी असहमती नोंदवली, पण हकालपट्टीच्या मागणीला पाठिंबा दिला नाही. असहमती ठाम ठेवून व्यक्तीला लक्ष्य न करण्याचा हा नमुना होता.

प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत शब्दांची निवड एवढी महत्त्वाची का ठरते? दूरचित्रवाणीवरची ओळखीची व्यक्ती प्रेक्षकाच्या घरात रोज येते आणि हळूहळू घरचीच वाटू लागते. तिला ढोंगी म्हटले की तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाही मूर्ख म्हटल्यासारखे होते. दुखावलेला माणूस पुरावा तपासत नाही, आपल्या माणसाची बाजू घेतो. मुळात टीका पोहोचायला हवी ती त्याच्यापर्यंतच, कारण गोळ्या विकत घेणारा तोच असतो. संशोधनही याला दुजोरा देते. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाच्या लार्स क्योनिग आणि रेगिना युक्स यांच्या २०१९ मधील अभ्यासात, वैज्ञानिक वादात आक्रमक भाषा वापरणारी व्यक्ती वाचकांना कमी विश्वासार्ह वाटली आणि तिने दिलेली माहितीही कमी पटली.

सभ्यता म्हणजे गुळमुळीतपणा, असा अर्थ यातून काढता येत नाही. मराठीत टीकेच्या शब्दांच्या स्पष्ट पायऱ्या आहेत. ‘निराधार’ म्हणजे पुरावा नाही. ‘चुकीचे’ म्हणजे पुरावा उलट सांगतो. ‘दिशाभूल करणारे’ हा शब्द ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम सांगतो. हे तिन्ही शब्द विधानाबद्दल आहेत आणि पुराव्याने सिद्ध करता येतात. ‘बीएमजे’मधील ३९ आणि १५ टक्के हे पहिल्या दोन शब्दांचेच मोजमाप आहे. ‘लबाड’, ‘खोटारडा’ हे शब्द मात्र माणसाच्या हेतूबद्दल बोलतात. हेतू सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो आणि तो क्वचितच हाती असतो. ‘थोतांड’सारखा शब्द या दोहोंच्या सीमेवर उभा राहतो.

हा फरक किती महागात पडू शकतो, हे ब्रिटिश विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी अनुभवले. मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक व्यावसायिकांची संघटना लहान मुलांच्या दम्यासारख्या विकारांवर थोतांड उपचारांचा प्रसार करते, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी २००८ मध्ये ‘गार्डियन’ दैनिकात लिहिले. संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. संघटना जाणूनबुजून फसवते, असा त्या एका शब्दाचा अर्थ खालच्या न्यायालयाने २००९ मध्ये लावला. उपचारांना पुरावा नाही, एवढेच सिंग यांना म्हणायचे होते. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने ते वाक्य मत म्हणून मान्य केले आणि संघटनेने दावा मागे घेतला. तोवर दोन वर्षे गेली होती. वैज्ञानिक मतभेद न्यायालयात नेण्याविरुद्ध ब्रिटनमध्ये मोठी मोहीम उभी राहिली आणि २०१३ च्या नव्या बदनामी कायद्यात जबाबदार वैज्ञानिक लेखनाला संरक्षण मिळाले. मात्र शब्द हेतूवर बोट ठेवतो की पुराव्यावर, हे पाहण्याची जबाबदारी कोणताही कायदा लेखकाकडून काढून घेत नाही.

काही प्रसंगी कठोर भाषा आवश्यकच असते. चूक पुराव्यासह दाखवून दिल्यावरही तोच दावा पुन्हा केला गेला, किंवा त्यापायी रुग्ण खरे उपचार सोडू लागले, तर ‘हे धोकादायक आहे’ असे नि:संदिग्ध शब्दांत सांगणे हेच कर्तव्य ठरते. तेव्हाही कठोरपणा धोक्याच्या प्रमाणात असावा लागतो आणि प्रत्येक कठोर शब्दामागे वाचकाला पडताळता येईल अशी वस्तुस्थिती असावी लागते. समोरच्याचे नेमके वाक्य उद्धृत करणे, त्याचे जे बरोबर आहे ते आधी मान्य करणे, स्वतःचे हितसंबंध आपणहून जाहीर करणे आणि त्याच्या नोकरीऐवजी त्याच्या विधानाची दुरुस्ती मागणे, ही पथ्ये ऑझ प्रकरणातून सरळ हाती लागतात. दहा डॉक्टरांच्या पत्रात यांतील शेवटची दोन पाळली गेली नाहीत आणि उत्तरात ऑझ यांनी नेमक्या त्याच जागा पकडल्या.

ऑझ यांचा प्रभाव त्या वादाने ओसरला नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते मेडिकेअर आणि मेडिकेड या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य योजना चालवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे प्रमुख झाले. त्यांच्या जुन्या सल्ल्यांचा तपास करू पाहणाऱ्याला आजही आधार मिळतो तो सिनेटमधील कबुलीचा आणि ‘बीएमजे’च्या आकड्यांचा, म्हणजे ज्या टीकेने विधान सोडून व्यक्तीकडे मोर्चा वळवला नाही तिचा.