आरोग्यशिक्षणात मुलांचा वाटा

वणी परिसरात पावसाळा सरून द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ या भागांतून आदिवासी मजूर कुटुंबे कामासाठी येतात. आईवडील दिवसभर बागेत असतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम पुष्कळदा आठ-दहा वर्षांच्या ताईवर येते. दुपारी बाळाला जुलाब सुरू झाले, तर त्याच्याजवळ तीच असते. अशा वेळी तिला काय ठाऊक आहे, यावर त्या बाळाचा जीव अवलंबून राहू शकतो.

घरोघरी दिसणारे हेच वास्तव ओळखून डॉ. डेव्हिड मोर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी १९७८ च्या सुमारास लंडन विद्यापीठात ‘चाइल्ड-टू-चाइल्ड’ ही पद्धत आकारास आणली. डॉ. मोर्ले यांनी त्यापूर्वी नायजेरियातील खेड्यांत बालकांवर उपचार केले होते. या पद्धतीत मुले वर्गात एक प्रश्न समजून घेतात, घरी व वस्तीत जाऊन त्याची पाहणी करतात, परत येऊन चर्चा करतात, काय करायचे ते ठरवतात आणि शेवटी केलेले काम तपासून पाहतात.

युद्ध किंवा साथ आली की या शिक्षणाचे मोल अधिकच कळते. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांच्या नातलगांच्याच हाती दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतील देशाने १९९१ ते २००२ असे यादवी युद्ध सोसले. पुढे २०१४ मध्ये तेथे इबोला आला व शाळा बंद पडल्या. तेव्हा कैलाहुन जिल्ह्यात ‘पिकिन-टु-पिकिन’ या संस्थेने मुलांसाठी रेडिओ कार्यक्रम चालवला. तेथील क्रिओ भाषेत पिकिन म्हणजे मूल. या कार्यक्रमात मुले केवळ श्रोते नव्हती; आपल्या गावांतील मुलांचे अनुभव टिपून आणणारे बालवार्ताहरही त्यांच्यातूनच तयार झाले.

आपल्याकडे मुलांचा सहभाग म्हणजे बहुधा प्रभातफेरी! हाती फलक, मुखी घोषणा, आणि नंतर खाऊ. पल्स पोलिओच्या काळात अशा फेऱ्यांचा उपयोग झाला, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तुमच्या घरी पाणी कोठून येते, ते कशाने काढता, हे त्या मुलांना कोण विचारते? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमाने मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

अर्थात, मोठ्यांची जबाबदारी मुलांच्या खांद्यावर टाकणे हा याचा अर्थ नव्हे. ओआरएसचे पाकीट मिळत असेल तर तेच द्यावे. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे; चव अश्रूंपेक्षा खारट नसावी. अंगावरचे दूध चालू ठेवावे. बाळ मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर ताईने तत्काळ मोठ्यांना हाक मारावी आणि त्यांनी बाळाला दवाखान्यात न्यावे.

मजुरांच्या झोपडीत चहाचा चमचा असेलच असे नाही. लिटरची रिकामी बाटली मात्र बहुधा सापडते. म्हणून शिकवणाऱ्याने चमचा सोबत न्यावा, मुलांकडूनच माप करून घ्यावे आणि तो चमचा तेथेच ठेवून यावे.