प्रोजेक्ट कुणाला दाखवायचा?

1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि इंजिनिअर होण्याची वाट महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचली. त्यानंतरच्या चार दशकांत शाखा बदलल्या, विषय बदलले, फळ्याच्या जागी पडदा आला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र बराचसा होता तसाच राहिला. तिघाचौघांचा ग्रुप, तोही मैत्रीने नाहीतर रोल नंबरने ठरलेला, एक गाईड, परीक्षेच्या तोंडावर बांधून आणलेला अहवाल म्हणजेच ब्लॅक बुक, बाहेरून आलेला परीक्षक आणि थोडक्यात आटोपलेली व्हायवा. प्रोजेक्ट तयार विकत मिळू लागले तेव्हा आपण विद्यार्थ्यांच्या आळसाला बोल लावला. मला तो दोष रचनेचा वाटतो. व्हायवा संपल्यावर ज्या यंत्राची जगात कुणालाच गरज नाही, ते कुणी बनवले या प्रश्नात विद्यार्थ्याचा जीव गुंतावा कसा? या काळाचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आपल्याकडचे विद्यार्थी मिळून वस्तू घडवायला शिकले ते बहुतेक अभ्यासक्रमाच्या बाहेर. तिथे त्यांना शिकवले ते कॉलेजच्या भिंतीपलीकडून जाब विचारणाऱ्या कुणीतरी.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेत 1955 च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकीचा पाया गणित आणि मूलभूत विज्ञानावर पक्का करायला सांगितले. ते आवश्यकच होते. पण त्या ओघात कार्यशाळा आणि डिझाइन मागे पडले, आणि समीकरण सोडवता येते पण वस्तू घडवता येत नाही अशी तक्रार उद्योगांकडून येऊ लागली. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने 1963 मध्ये ‘इंजिनिअरिंग क्लिनिक’ सुरू करून त्यावर उपाय शोधला. कंपनी आपला खराखुरा प्रश्न आणते, त्यासाठी कॉलेजला पैसे मोजते, तिचा अभियंता विद्यार्थ्यांच्या गटाच्या संपर्कात राहतो आणि काम त्या कंपनीच्या हाती सोपवायचे असते. 1995 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने ‘एपिक्स’ हा उपक्रम काढला. त्यात कंपनीच्या जागी समाजातल्या संस्था आल्या, आणि पहिल्या वर्षाची मुले शेवटच्या वर्षाच्या मुलांसोबत एकाच गटात काम करू लागली. एक नफ्यासाठी, दुसरे सेवेसाठी. पण दोन्हीकडे गटाला अशा माणसाला तोंड द्यावे लागते, ज्याला गुणांशी देणेघेणे नाही आणि वस्तू चालते का एवढेच पाहायचे आहे.

आपल्याकडे असा माणूस भेटला तो ‘बाहा’सारख्या स्पर्धांत. 2007 पासून भारतात होणाऱ्या या स्पर्धेत विद्यार्थी एका माणसाने चालवायची, खडबडीत जमिनीवर धावणारी गाडी बांधतात. डिझाइनची उलटतपासणी होते, खर्चाचा हिशेब मागितला जातो, आणि मग काही तास चालणाऱ्या शर्यतीत वेल्डिंगचा प्रत्येक सांधा आपले खरे रूप दाखवतो. माझ्या दृष्टीने याहून मोठा पुरावा पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी 2008 च्या सुमारास हाती घेतलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 यानातून श्रीहरिकोट्याहून उडाला. पदवी चार वर्षांची आणि काम सुमारे आठ वर्षांचे. ज्यांनी पहिल्या रेघा ओढल्या ते केव्हाच नोकरीला लागलेले असणार, आणि ज्यांनी शेवटची चाचणी घेतली ते सुरुवातीला शाळेत असणार. इतक्या बॅचेसमधून एकच वस्तू जिवंत ठेवायची तर प्रत्येक निर्णय का घेतला हे पुढच्याला कळेल असे लिहून ठेवावे लागते. ब्लॅक बुक आणि ही नोंद यांत फरक हा, की एक कपाटात जाते आणि दुसरी वाचली नाही तर पुढच्या मुलाचे कामच अडते. सांघिक कामाचा हा सर्वांत अवघड भाग, म्हणजे कधीही न भेटलेल्या सहकाऱ्यासाठी काम करणे. तो शिकवणारा तास कुठल्याच वेळापत्रकात नव्हता. इथे जाब विचारणारी होती इस्रो, आणि तिच्या तपासण्यांत अंतर्गत गुणांची सोय नसते.

अभ्यासक्रम या काळात अगदीच झोपलेला नव्हता. जून 2014 मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि मूल्यांकनाच्या कसोट्यांत डिझाइन व संघात काम करणे यांना स्वतंत्र जागा मिळाली. 2019 च्या आराखड्यात पुणे विद्यापीठाने पहिल्याच वर्षी प्रकल्पाधारित शिक्षण आणले, मुंबई विद्यापीठाने दुसऱ्या वर्षापासून मिनी प्रोजेक्ट घातले. पहिल्या वर्षापासून हात चालू लागणे ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण एका शेवटच्या प्रोजेक्टऐवजी आता लहानलहान अनेक झाले, आणि बहुतेक ठिकाणी ते दाखवायचे मात्र त्याच गाईडला.

प्रोजेक्ट बाहेरच्या माणसासाठी करावा, यावर पहिला आक्षेप प्राध्यापकांकडून येतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे: याने मूळ विषय कच्चे राहतील. मुले नटबोल्ट आवळत बसतील आणि थर्मोडायनॅमिक्स बुडेल. स्पर्धेच्या नादात वर्ग बुडवणारी मुले असतातही. पण ‘स्वयम्’ची दिशा विजेशिवाय, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने राखायची होती, ते चुंबकत्व आणि गतिशास्त्र पक्के असल्याखेरीज होत नाही. खरा प्रश्न पाठांतर चालू देत नाही, त्यामुळे सिद्धांताची भूक वाढते. दुसरा आक्षेप गुणांचा: दोघे राबतात, दोघे नावापुरते असतात. यावर उपाय उपलब्ध आहेत. बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये लिहिले, की गट शिक्षकाने पाडावेत, मुलांवर सोडू नयेत, आणि सहकाऱ्यांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन प्रत्येकाच्या गुणांत उतरावे. सुरुवातीच्या वर्षांत एकटी मुलगी मुलांच्या गटात टाकू नये, असेही ते बजावतात. आपल्याकडे अशा गटात मुलीच्या वाट्याला रिपोर्ट आणि पीपीटी येते आणि हत्यार मुलांच्या हाती राहते. तिचे शिक्षण तिथेच निम्मे होते, याकडे डोळेझाक करणे मला अन्यायाचे वाटते.

सर्वांत जड आक्षेप संख्येचा. हार्वी मड छोटे आणि सधन कॉलेज. साठ-साठ मुलांच्या तुकड्या असलेल्या, एमआयडीसीपासून दूरच्या कॉलेजने कंपन्या आणायच्या कुठून? उत्तराची एक वाट महाराष्ट्रातच आखली गेली. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे काम 1985 पासूनचे. तिथले विद्यार्थी गावात जाऊन पाणी, चूल, शेती यांचे प्रश्न अभ्यासतात. त्याच अनुभवावर 2016 मध्ये राज्य सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आखले: अभियांत्रिकी कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न हाती घ्यावेत, आणि प्रशासनाने त्यांच्याकडे अभ्यास सोपवावेत. दुष्काळी तालुक्यातल्या कॉलेजला कंपनी मिळणार नाही, पण बंद पडलेली नळयोजना हमखास मिळेल. पंपाचा भार मेकॅनिकलवाल्याने मोजावा, जलवाहिनीचा उतार सिव्हिलवालीने, पाण्याची पातळी कळवणारे यंत्र इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने जोडावे. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो प्राध्यापकाच्या कार्यभारात गावभेटींचा मोजला जाणारा वेळ, पुढच्या बॅचने मागच्या बॅचचे काम उचलण्याची मुभा, आणि व्हायवाच्या टेबलाशी परीक्षकाच्या शेजारी एक खुर्ची, ज्यावर ती नळयोजना चालवणारा गावचा पाणीपुरवठा कर्मचारी बसेल आणि ज्याच्या होकार-नकाराला गुण असतील.