सराईतांस जादा शिक्षा : पण दोष सिद्ध केव्हा होणार?

एकदा चुकलेल्या माणसाकडे कायद्याने काहीशा क्षमाशील दृष्टीने पाहावे, परंतु शिक्षा भोगून आल्यावरही जो पुन्हा त्याच वाटेने जातो त्याच्याबाबतीत कठोर व्हावे, हे तत्त्व सर्वसामान्य न्यायबुद्धीला सहज पटणारे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने आपल्या ७५ व्या कलमात ते स्वीकारले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३ व्या कलमातही ते बव्हंशी कायम आहे. तीन किंवा अधिक वर्षांच्या कैदेस पात्र अशा गुन्ह्याबद्दल पूर्वी दोषी ठरलेल्या इसमाने पुन्हा तशाच प्रकारचा गुन्हा केला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते.

मात्र या कलमाची व्याप्ती पाहिली म्हणजे विस्मय वाटतो. ते लागू पडते केवळ नाणी, चलनी नोटा, सरकारी मुद्रांक आणि मालमत्ता यांविषयीच्या गुन्ह्यांना. घरफोड्या आणि खोटी नोट छापणारा यांची मागील शिक्षा ते मोजते. परंतु वस्तीतल्या माणसांना वारंवार मारहाण करणाऱ्या गुंडाची मोजत नाही. शिक्षा ठरविताना न्यायाधीशाला पूर्वेतिहास विचारात घेता येतो, हे खरे; पण वाढीव शिक्षेचा हा सर्वसाधारण नियम माणसाच्या शरीराहून त्याच्या तिजोरीची अधिक काळजी वाहतो. बलात्काराच्या पुनरावृत्तीबद्दल आमरण जन्मठेप किंवा मृत्युदंड देण्याची तरतूद येण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

ही उणीव कोणी दूर केली, तरी मूळ प्रश्न सुटेल असे आम्हांला वाटत नाही. वाढीव शिक्षेची सारी इमारत उभी आहे ती पूर्वीच्या दोषसिद्धीवर. माणसाला कितीदा अटक झाली याला येथे महत्त्व नाही. न्यायालयाने त्याला कितीदा दोषी ठरविले याला आहे. पहिलाच खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, साक्षीदार भीतीने फिरले आणि आरोपी जामिनावर सुटून त्याच गल्लीत परतला, तर पुनरावृत्तीचे कलम कितीही कडक असले तरी ते पुस्तकातच राहते.

याचे अत्यंत भीषण उदाहरण नागपूरकरांना नव्याने सांगावयास नको. १३ ऑगस्ट २००४ रोजी येथील जिल्हा न्यायालयात अक्कू यादव यास कस्तुरबानगरच्या जमावाने ठार केले. त्यात स्त्रिया पुढे होत्या. खंडणी, बलात्कार, खून असे आरोप त्याच्यावर वर्षानुवर्षे होत आले होते. त्याला अनेकदा अटक झाली होती आणि तो अनेकदा सुटला होता. तक्रारींची दाद पोलीस घेत नाहीत, असे वस्तीतील स्त्रियांचे म्हणणे होते. त्या दिवशीही तो जामिनावर सुटणार, या धास्तीने लोक न्यायालयात जमले होते. या हत्येच्या खटल्यातील आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. न्यायमंदिरातच कायदा पायदळी तुडविला गेला, याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु ज्या निराशेतून ते कृत्य घडले ती एका दिवसात जन्मली नव्हती.

दोषसिद्धी होत नाही म्हणून आडवाट शोधण्याचा मोह शासनाला होतो. १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'मोक्का'त, मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रे जमेस धरली जातात. तेथे शिक्षा झालेली असण्याची अट नाही. टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी अशा कायद्याची गरज कोणी मान्य करील. पण आरोप आणि दोष यांतील अंतर बुजले की काय होते, हे विदर्भाने पाहिलेले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरूनच गुन्हेगार ठरविले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी कोठे चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे संशयाने पाहण्याची खोड गेली नाही. तुरुंगांच्या नियमावलींत 'सराईत' या शब्दाआड विमुक्त जमातींवर जो शिक्का मारला जात होता, तो पुसण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्णय द्यावा लागला.

आपल्या फौजदारी प्रक्रियेत एक फार शहाणा नियम आहे. जादा शिक्षेसाठी मागील दोषसिद्धी पुढे करावयाची असली, तरी चालू गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत तिचा दोषारोप वाचून दाखवावयाचा नाही. आधी आजचा गुन्हा सिद्ध व्हावा, मग कालचा हिशेब व्हावा, हा क्रम सोडणे धोक्याचे आहे.

तेव्हा शिक्षेची वर्षे वाढविण्यापूर्वी शासनाने पहिला खटला वेळेवर संपविण्याची व्यवस्था करावी. साक्षीदार-संरक्षणाची योजना प्रत्येक राज्याने आखावी, असे नवी नागरिक सुरक्षा संहिताच सांगते. तिचा लाभ कस्तुरबानगरसारख्या वस्तीतील बाईला मिळाला पाहिजे. गुंडाविरुद्ध साक्ष देऊन ती निर्भयपणे घरी परतू शकली, तरच त्याची पहिली शिक्षा नोंदली जाईल, आणि दुसऱ्या वेळच्या कठोर शिक्षेला काही अर्थ उरेल.